वाचकांचे प्रश्न : तापली की बंद पडणारी बीएसए

प्रश्न : आमच्या घरी आजोबांची बीएसए एम२० मोटारसायकल आहे. सकाळी दोन-तीन किकमध्ये चालू होते, केरीपर्यंत काही तक्रार नसते. चोर्ला घाटाची चढण लागली की फटफट करत बंद पडते. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत ठेवली की काही झालंच नाही अशी चालू होते. प्लग नवीन घातला, कार्ब्युरेटर साफ केला, बॅटरीही बदलली. मेकॅनिक म्हणतो मॅग्नेटो गेला, तो काढून टाका आणि बॅटरी-कॉइल बसवा. तसं करू का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : इतक्यात नको. आणि बॅटरी बदलून काही होणार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बीएसएने सव्वा लाखाहून अधिक एम२० लष्करासाठी बनवल्या. बॅटरी मेली तरी गाडी चालली पाहिजे, ही लष्कराची गरज मॅग्नेटो भागवतो. तुमच्या गाडीवर लुकासचा मॅगडायनो असणार. त्यात खाली मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर बसवलेला सहा व्होल्टचा डायनमो. डायनमो दिवे आणि बॅटरी सांभाळतो. प्लगला जाणारा करंट मॅग्नेटो स्वतःच तयार करतो, त्याला बॅटरीशी देणंघेणं नाही.

पुढच्या वेळी घाटात बंद पडली की दोन गोष्टी लगेच करा, गाडी थंड व्हायच्या आत. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करून किक मारा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत ओढ तयार होऊन पेट्रोल उतरत नाही आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. अशा भोकापायी मॅग्नेटो उघडलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. झाकणाने फरक पडला नाही तर झाकण पुन्हा घट्ट लावा, प्लग काढा (फडकं धरून, तो भाजतो), वायरला लावून हेडवर टेकवा आणि किक मारा. तिथे पेट्रोल सांडलेलं नाही ना, तेवढं बघून. निळी, कडकडीत ठिणगी आली तर मॅग्नेटो निर्दोष, शोध पेट्रोलच्या बाजूला घ्या. ठिणगी पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नसली तर पुढचं वाचा.

गार असताना ठीक आणि तापल्यावर ठार, हे बहुतेक वेळा कंडेन्सरचं लक्षण. लुकासने तो आर्मेचरच्या, म्हणजे मॅग्नेटोत फिरणाऱ्या वाइंडिंगच्या गाभ्याच्या, आतच बसवला आहे, म्हणून बाहेरून दिसत नाही आणि मेकॅनिकच्या लक्षातही येत नाही. पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात त्या क्षणी प्रायमरीचा, म्हणजे जाड तारेच्या वाइंडिंगचा, करंट एकदम तुटला पाहिजे, तरच सेकंडरीत, म्हणजे बारीक तारेच्या वाइंडिंगमध्ये, हजारो व्होल्ट उठतात. तो करंट झटक्यात तुटावा म्हणून कंडेन्सर. सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या कंडेन्सरचं इन्सुलेशन गरम झालं की गळतं, करंट पॉइंटवरच जळतो आणि प्लगपर्यंत काही उरत नाही. घरी पडताळायचं असेल तर संध्याकाळी गॅरेजचं दार ओढून घ्या, पॉइंटचं झाकण काढा, प्लग मघासारखा काढून हेडवर टेकवा, हेअर ड्रायरने मॅग्नेटोचं अंग चांगलं तापवा आणि किक मारा. पॉइंटमध्ये मोठी निळी चमक आणि प्लगवर अंधार दिसला तर निदान झालं.

मल्टीमीटरवर फार विसंबू नका. प्रायमरी अर्ध्या ओहमच्या आसपास आणि सेकंडरी पाच किलो-ओहमच्या जवळपास दाखवेल आणि तुम्ही म्हणाल सगळं छान आहे. थंड वाइंडिंग मीटरच्या इवल्याशा व्होल्टेजवर नेहमीच छान असतं. तापल्यावर काय होतं ते मीटर सांगत नाही.

दुसरा संशयित शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण. त्या काळी वाइंडिंग शेलॅकमध्ये बुडवत. उन्हाळ्यात इंजिनच्या उष्णतेने ते मऊ पडून काकवीसारखं बाहेर येतं आणि गार झाल्यावर आर्मेचर जागीच चिकटवून टाकतं. मग किक मारली की आर्मेचर हलत नाही, गिअर शाफ्टच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) घसरतो आणि टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकते. मॅग्नेटोच्या टोकाशी तपकिरी चिकट काही दिसलं तर गाडी चालवणं थांबवा.

दोन्ही दुखण्यांवर इलाज एकच. आर्मेचर नव्याने वाइंड करून घ्यायचं आणि आत आधुनिक कपॅसिटर (म्हणजे नवा कंडेन्सर) बसवायचा. हे काम पंखे आणि पंपाच्या मोटारी भरणाऱ्याचं नव्हे. सेकंडरीची तार केसासारखी बारीक असते, फेरे हजारो, आणि त्यावर व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी भरावा लागतो. मॅग्नेटोच भरणारा कारागीर शोधा. त्याला एकच अट घाला : तापवून, मशीनवर बराच वेळ फिरवून, साडेपाच मिलिमीटरच्या गॅपवर ठिणगी न चुकता दाखवायची. जो कारागीर या अटीला हसतो त्याच्याकडे देऊ नका.

मॅग्नेटो खोलायचाच असेल तर हे वाचल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. आर्मेचर ओढण्याआधी वायरचा पिकअप (आर्मेचरवरून प्लगच्या वायरला करंट देणारा तुकडा), अर्थचा कार्बन ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू, तिन्ही बाहेर काढा. एक जरी आत राहिला तर स्लिप रिंगची, म्हणजे पिकअप टेकतो त्या कड्याची, कड तुटते, आणि ती तुटल्याचा टक आवाज खर्चिक असतो. शिवाय आर्मेचर बाहेर आल्यावर चुंबकाची ताकद कमी होते. मधे मऊ लोखंडाचा कीपर ठेवायचा असतो, तो कोणाकडे नसतो. त्यामुळे माझा सल्ला असा की डायनमो उतरवा आणि मॅग्नेटो अख्खाच, न उघडता पाठवा. जोडून झाल्यावर चुंबक पुन्हा भरून द्यायला सांगा. गिअर काढताना पुलर वापरा, हातोडी नको. बसवताना ॲडव्हान्सचा (ठिणगी लवकर पाडणारा) लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सवर ठेवून मॅन्युअलमधल्या आकड्याने टाइमिंग लावा. पॉइंट गॅप १२ थाऊ, म्हणजे ०.३० मिमी. वायर तांब्याच्या गाभ्याची घ्या, हल्लीची कार्बनची नको.

आता कॉइलबद्दल. कॉइलने गाडी चालेल, सोपीही होईल. पण जुना सहा व्होल्टचा डायनमो आणि त्याचा रेग्युलेटर जपून ठेवणं, बॅटरी सतत भरलेली ठेवणं, ही नवी कटकट मागे लागेल, आणि चोर्ल्याच्या वळणावर बॅटरी बसली तर मग कोणी काही करू शकत नाही. रोज कामावर जायची गाडी असती तर मी कदाचित हो म्हटलं असतं. रविवारी फिरायच्या एम२० ला मॅग्नेटोच हवा.

प्रश्न : १९५४ ची ट्रायम्फ टायगर १००. पावसाळाभर अंगणातल्या शेडमध्ये होती. चतुर्थीच्या आधी काढली तर एकाच सिलिंडरवर चालते. मॅग्नेटो बदलावा लागेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, आणि बदलायला सांगणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. तुमच्या के२एफ मॅग्नेटोत दोन्ही सिलिंडरना एकच वाइंडिंग करंट देतं. एका बाजूला चांगली ठिणगी येतेय, तर आर्मेचर आणि चुंबक जिवंत आहेत. आधी प्लगची अदलाबदल करा, मग बिघडलेल्या बाजूला नवीन वायर लावून बघा. त्याने काही झालं नाही तर त्या बाजूचा पिकअप काढा. आपल्या दमट हवेत कार्बन ब्रश आपल्या घरात अडकून बसतो आणि बेकलाइटवर काळी रेघ उमटते. रेघेतून करंट बॉडीला पळतो. ब्रश मोकळा करा, फडकं पेट्रोलमध्ये ओलं करून पिकअपच्या भोकातून स्लिप रिंगवर हलकं धरा आणि इंजिन हाताने फिरवा. पेट्रोल पूर्ण उडाल्याशिवाय किक मारायची नाही. बेकलाइटला तडा असेल तर पिकअप नवीन घ्या. हे सगळं करूनही सुधारलं नाही तर दोन्ही बाजूंना पॉइंट गॅप वेगवेगळी मोजा. कॅम रिंग एका बाजूने झिजली की असा फरक दिसतो.

पुढच्या मेअखेर गाडी झाकण्याआधी पॉइंट पुसून कोरडे करा. त्यातला फायबरचा तुकडा ओलावा पिऊन फुगतो आणि पॉइंट उघडेच राहतात. त्यावर तेलाचा स्प्रे मारू नका, ही सवय आपल्याकडे फार आहे.

प्रश्न : मॅग्नेटोच्या खोक्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर व्हिंटेज नोंदणी मिळेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : केंद्राचा नियम जुलै २०२१ चा आहे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, आणि क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. ही गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. बाहेरून तसाच दिसणारा इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो अडचणीचा ठरेल असं मला वाटत नाही, पण अर्ज करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि मूळ मॅग्नेटो विकू नका.