प्रोजेक्टवर पेटंटचा दावा येईल का?

प्रश्न : ओलावा मोजून द्राक्षबागेतल्या ठिबकचा पंप चालू-बंद करणारं सर्किट केलंय. तसंच एक अमेरिकन पेटंट सापडलं. अडचण येईल? – विद्यार्थी, सांगली

उत्तर : कॉलेजात प्रयोग म्हणून केलंत तर नाही, पेटंट कायदा, १९७० चं कलम ४७ तेवढी मोकळीक देतं. तासगावात १० नग विकलेत, की ती संपली. अमेरिकन पेटंट इथे चालत नाही, पण त्याच शोधाचा भारतीय अर्ज ‘इनपास’ या भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोध-साइटवर मोफत शोधा. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं. नूतनीकरणाची फी थकली असेल तर त्याआधीच संपलेलं असू शकतं. सारांश वाचून घाबरू नका (बहुतेक जण तिथेच थांबतात), स्वतंत्र दावे वाचा, म्हणजे पेटंटने नेमकं काय राखून ठेवलंय ते सांगणारे, दुसऱ्या दाव्यावर न टेकलेले मुद्दे. दाव्यात ओलाव्याचा सेन्सर, तापमान-दुरुस्ती (तापमानानुसार मोजमाप सुधारणं) आणि रेडिओ (बिनतारी संदेश) असे तीन घटक असतील आणि तुमच्या सर्किटात तापमान-दुरुस्ती नसेल, तर सहसा उल्लंघन होत नाही. मात्र तेच काम कोडमध्ये करत असाल, तर विक्रीआधी पेटंट एजंटला दाखवा.