ताटावरचा आडवा हात

चिऊ,

परवा संध्याकाळी तुझी मैत्रीण घरी जायला निघाली तेव्हा मी तिला जेवून जा म्हणालो. ती नको म्हणाली. मी परत म्हणालो. तिसऱ्यांदा तर ताट वाढूनच आणलं. ती गेल्यावर तू दार लावलंस आणि विचारलंस, "बाबा, कुणी 'नाही' म्हटलेलं तुला ऐकू येत नाही का?" तुझ्या आईला हसू आलं. मला नाही आलं.

तोंडी सांगायला गेलो की तू "झालं वडगाव सुरू" म्हणतेस, म्हणून लिहितोय. वाचलंच पाहिजेस असं नाही. (हे एकदाच म्हणतोय, बघ.)

इथे नेदरलँड्समध्ये सहाचं जेवण घरच्यांपुरतं असतं, बटाटेसुद्धा माणशी मोजून टाकतात. खेळायला आलेल्या पोराला जेवणवेळी घरी पाठवलं तर कुणाला राग येत नाही. अकरा वर्षांत मला एवढं कळलंय. हाताला अजून कळलेलं नाही.

तू पाहिलंस ते बेळगावातल्या वडगावचं घर स्लॅबचं. माझ्या लहानपणी ते कौलारू होतं. पुढच्या सोप्यात दोन माग, मागे स्वयंपाकघर. मागांच्या खडखडाटात साधं बोलायचं तरी ओरडावं लागायचं, त्यामुळे आग्रहही ओरडूनच. "घे की गा, लाजतोस काय!" पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा आणि आजीने त्याच्या बोटांवरून आमटी ओतायची. आषाढात मंगाईच्या जत्रेला येळ्ळूरची, खानापूरची मंडळी यायची, तीन-तीन पंगती उठायच्या. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरा ठरायचा. आम्हा पोरांना पढवलेलं असायचं, दुसऱ्याच्या घरी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. एकदा एका घरी मी कुंद्याला रीतसर नको म्हणालो, आणि त्या बाईंनी सरळ डबा बंद केला. दुसऱ्यांदा विचारलंच नाही! ते दुःख अजून गेलेलं नाही.

आणि पहिली नोव्हेंबर. 1956 साली त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून आजोबा दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे. समोरच्या कानडी घरावर त्याच दिवशी कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा लागायचा. आजोबा घोषणा देऊन घसा बसवून यायचे. रात्री समोरच्या काकू कट्ट्यावरून विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का? आजीला कन्नड येत नव्हतं, पण एवढं पक्कं होतं: "आत्री, निम्दु?" सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्या दोघींचं मात्र रोज रात्री मिटलेलं असायचं.

हे सगळं मी तुला आजवर कौतुकानेच सांगत आलो. तुझ्या प्रश्नानंतर दोन रात्री मात्र मला भलतंच आठवतंय.

तिसरी पंगत उठली की आजी जेवायला बसायची. बऱ्याचदा पातेल्याच्या तळाची खरपूड आणि लसणाची चटणी, बस्स. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला भूकच नाही." तिचं 'नाही' मात्र आम्हाला पहिल्या खेपेलाच ऐकू यायचं.

आणि तुझी थोरली आत्या. बारावीत होती, स्थळ आलं. ती नको म्हणाली. परत म्हणाली. तिसऱ्यांदा न्हाणीघरातून म्हणाली, बादलीत नळ सोडून, कारण रडू ऐकू जायला नको होतं. घरात सगळ्यांनी ते पाहुण्याच्या 'नको'सारखंच धरलं. पोरी असं म्हणतातच, होईल सवय. लग्नात मी चौदा वर्षांचा, पंगतीत पाणी वाढत पळत होतो, अगदी खुशीत. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही, जावयांनी तिला जपलं, आणि आपल्यात सगळ्यांत मोठ्याने हसते तीच. पण गेल्या महिन्यात फोनवर तुझी शाळा विचारताना मधेच म्हणाली, "तिला पाहिजे तेवढं शिकू दे." मग थोडा वेळ काही बोलली नाही. मग, "जेवलास काय गा?"

दोन्ही एकाच चुलीवरचं. मला त्यातलं फक्त आमटीचं तेवढं उचलून तुला द्यायचं होतं. नीट निवडता आलं नाही बहुतेक. तुझ्या मैत्रिणीपुढे ताट ठेवताना तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, हे तू सांगितल्यावर लक्षात आलं. पण खरं सांगू? कुणी दारातून उपाशी गेलं की मला अजूनही आतून चुकल्यासारखं वाटतं, आणि ते जावं असंही मनापासून वाटत नाही.

शुक्रवारी ती परत येणार म्हणालीस. मी एकदाच विचारीन. तू मोज हवं तर.

भात मात्र मूठभर जास्त टाकणार आहे, ते कुणाला विचारून करायचं नसतं. उरला तर सकाळी फोडणीचा करू. तुला नको असेल तर नको.

बाबा