आधीच्या भुलेनंतर कावीळ झाली होती, आता पुन्हा भूल द्यावी का?

प्रश्न : माझ्या आईचे (वय ५४) १८ वर्षांपूर्वी गर्भाशय काढले. आठव्या दिवशी ताप आला, मग कावीळ. ‘भूल बाधली’ असे सगळे म्हणतात. आता पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीने ऑपरेशन सांगितले आहे. काय करावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शंका रास्त आहे. १९५६पासून वापरात आलेले हॅलोथेन हे वाफेतून द्यायचे भुलेचे औषध आपल्याकडे स्वस्त म्हणून अनेक वर्षे चालले. शरीरात गेलेल्या हॅलोथेनपैकी सुमारे २० टक्के यकृतात मोडते. त्यातून निघणारा घटक यकृतातल्या प्रथिनांना चिकटतो आणि क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांवरच उलटते. अंदाजे ६,००० ते ३५,००० जणांत एकाला असा गंभीर त्रास होतो. पूर्वी हॅलोथेन मिळालेल्यांना, स्थूल मध्यमवयीन बायकांना धोका जास्त. आधी ताप, मग कावीळ, हा क्रम तुम्ही लिहिलात तसाच असतो.

तरीही दोष भुलेचाच असे लगेच धरू नका. ऑपरेशनमध्ये उतरलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, काही प्रतिजैविके, क्षयाच्या गोळ्या, दूषित पाण्यातून येणारी कावीळ यांनीही हेच चित्र दिसते. म्हणून आधी जुना भुलेचा कागद शोधा. दवाखान्यात नसेल तर घरातली डिस्चार्जची फाइल पाहा.

कागद सापडो न सापडो, भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या काही दिवस आधीच भेटा. टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. अशा रुग्णाला हॅलोथेन पुन्हा देत नाहीत. आयसोफ्लुरेन (०.२ टक्के मोडते) आणि डेसफ्लुरेन (०.०२ टक्के) या वाफेच्या दुसऱ्या औषधांतूनही तोच घटक अत्यल्प निघतो, म्हणून तीही टाळलेली बरी. सेव्होफ्लुरेन या वाफेच्याच औषधातून तो निघत नाही. सर्वांत निर्धोक म्हणजे शिरेतून प्रोपोफॉलची भूल. वाफेचे औषध लागत नाही, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल लागते तीही मिळते.

बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज (या यकृताच्या), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची), कावीळ बी व सी या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घ्या. आकडे चढलेले असतील तर कारण सापडेपर्यंत ऑपरेशन थांबवतात. मात्र खडा पित्तनलिकेत अडकला असेल तर काविळीचे कारण तोच असतो आणि तो आधी काढावा लागतो. काविळीवरचा झाडपाला या काळात अजिबात नको, त्यानेही यकृताला इजा होऊ शकते.

घरी आल्यावर दोन आठवडे ताप, मळमळ, पिवळे डोळे, गडद लघवी यांवर लक्ष ठेवा. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या ही दिवसाची कमाल मर्यादा; वजन कमी किंवा यकृत नाजूक असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्याच द्या.