‘शाळेत बोलाल तर पोरांच्या डोक्यात शिरेल’

“मॅडम, असलं काही वर्गात बोलूच नका. पोरांच्या डोक्यात नसलेलं शिरतं.” सिगारेट-तंबाखूवर तासिका घेणार म्हटलं की पालकसभेत कुणी ना कुणी हे म्हणतंच. ही काळजी मी कधी हसण्यावारी नेत नाही. पण ती ऐकली की मला ओंकार आठवतो. नाव अर्थातच बदललं आहे.

तालुक्याच्या गावातली शाळा, ओंकार नववीत. पीटीच्या सरांना त्याच्या कंपासपेटीत अर्धी ओढलेली सिगारेट सापडली, टोक विझवून वहीच्या कागदात नीट गुंडाळलेली. शाळेतून नाव कमी करायची भाषा सुरू झाली. वडील तणतणत आले आणि वरचं वाक्य त्यांनीच ऐकवलं. कारण महिनाभरापूर्वीच शाळेत व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं होतं. पडद्यावर काळी पडलेली फुप्फुसं, तोंडाच्या कॅन्सरचे फोटो, शेवटी शपथ.

ओंकार माझ्यासमोर बसला तेव्हा बराच वेळ बाकाची कडा नखानं खरवडत होता. मी सिगारेटचं नावही काढलं नाही. शाळा सुटल्यावर कुठं जातोस, कुणाबरोबर जातोस, एवढंच विचारत राहिले. मग हळूहळू बाहेर आलं. क्लासच्या वाटेवर टपरी, तिथं उभी असणारी दहावीतली दोन पोरं. “त्यांनी पुढं केली. नाही म्हणायचं होतं मॅडम, पण काय बोलायचं तेच सुचेना.”

व्याख्यानातले फोटो आठवले नाहीत का रे?

“ते म्हाताऱ्या माणसांचे होते.”

हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. चौदा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला कॅन्सर कुठून दिसणार? त्याला समोरच्या दोघांचं हसू दिसतं. म्हणून नुसती भीती घालणारं व्याख्यान फार पुरत नाही. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात दोन वर्षं सलग तासिका घेऊन पाहिल्या होत्या. त्यांत गटचर्चा होत्या, आग्रह कसा ओळखायचा आणि नकार कसा द्यायचा याचा सराव होता. तिथल्या मुलांमध्ये तंबाखूचं प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिलं.

आणि ‘डोक्यात शिरण्या’बद्दल सांगायचं, तर २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी आपण तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत असल्याचं सांगितलं. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांनी दहा वर्षांची व्हायच्या आतच ती चाखली होती. म्हणजे आपण नववीत तोंड उघडायचं की नाही याचा विचार करतो, तोवर अनेकांच्या बाबतीत उशीर झालेला असतो.

मुख्याध्यापकांनी नाव कमी करणं थांबवलं, याचं मला फार बरं वाटलं. शाळेबाहेर काढलेलं पोरगं त्याच टपरीवर दिवसभर उभं राहिलं असतं. त्याऐवजी मी ओंकारच्या वर्गावर चार तास घेतले. पहिल्या दिवशी रिकामा डबा फिरवला. नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं : वर्गातले किती जण ओढत असतील असं वाटतं, आणि तू ओढतोस का? बहुतेकांचा अंदाज निम्म्या वर्गाचा. ‘हो’ लिहिलेल्या चिठ्ठ्या निघाल्या तीन. वर्गात एकदम कुजबुज झाली. ओंकार मान वर करून सगळीकडं बघत होता.

पुढच्या तासांना नकाराचा सराव. दोघांनी आग्रह करायचा, तिसऱ्यानं सुटायचं. पहिल्यांदा सगळे भाषण ठोकतात, “धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे”, आणि वर्ग हसतो. खरं उपयोगी पडतं ते साधं बोलणं. ओंकारनं स्वतःचं वाक्य शोधलं : “नको रे, क्लासला उशीर होतोय.” आणि थांबायचं नाही, सायकल पुढं काढायची. हे त्यानं सहा वेळा केलं. पहिल्या दोन वेळा त्याचा आवाज कापत होता.

नंतर एकदा तो पुन्हा घसरला, हेही सांगायला हवं. पण या वेळी स्वतः येऊन म्हणाला.

राहिली टपरी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, अठरा वर्षांखालच्यांना तर कुठंच विकता येत नाही, आणि २०२० पासून राज्यात सुटी सिगारेट विकणंही बंद आहे. शाळेनं लेखी तक्रार केली. पण वडिलांच्या देखतच मी ओंकारला विचारलं, टपरीवाला तुला देतो कसा?

“ओळखतो ना मला. पप्पांची पुडी मीच आणतो, दुसरीत होतो तेव्हापासून.”

वडील गप्प झाले. तळहातावर तंबाखू आणि चुना होता, मळणारा अंगठा तसाच थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मॅडम, वीस वर्षांची सवय आहे. मला जमेल का?”

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मी नंबर सांगितला. त्यांनी खिसे चाचपले, पेन नव्हतं. ओंकारनं कंपासपेटी उघडली.