रेक्स आणि राजा: शब्द एकच, मग रोमन लोकांना तो नको का होता?

प्रश्न असा आलाय की लॅटिनमधला 'रेक्स' (म्हणजे राजा) आणि आपला 'राजा' एकाच मुळातले आहेत का, आणि रोमन लोकांना या शब्दाचा इतका तिटकारा होता तर रोम्युलस, नुमा वगैरे आपल्या जुन्या राजांना ते खुशाल राजा कसे म्हणायचे.

पहिल्याचं उत्तर हो, बहुतेक भाषाशास्त्रज्ञ तसंच मानतात. 'रेक्स' हे प्रथमेचं रूप, षष्ठीत 'रेगिस' होतं म्हणजे मूळ अंग 'रेग्', आणि संस्कृतात त्याच्या समोर 'राज्' उभा आहे, जो 'सम्राज्' मध्ये अजून स्वच्छ दिसतो. राणीचंही तसंच, तिकडे 'रेगिना', इकडे 'राज्ञी' आणि त्यातून आपली राणी. गॉल लोकांच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातले जुने लोक) वर्सिंजेटोरिक्स या नावातला शेवटचा 'रिक्स' हाच, जुन्या आयरिशमधला 'री' पण हाच. मधल्या भाषांमध्ये मात्र हा शब्द राजासाठी सापडत नाही, ग्रीक 'बॅसिलेउस' म्हणतात, इराणी 'शाह' म्हणतात (तो आपल्या 'क्षत्र'च्या नात्यातला), म्हणजे एक शब्द पार पश्चिमेच्या टोकाला आणि पार पूर्वेच्या टोकाला टिकलाय, मला हे दरवेळी नव्याने थक्क करतं. कालिदास रघुवंशात 'राजा प्रकृतिरञ्जनात्' म्हणतो, प्रजेला आनंद देतो म्हणून राजा, पण ती सुंदर कविकल्पना आहे, व्युत्पत्ती नाही.

मुळातला अर्थ काय, तर सरळ नेणं, सरळ रेषेत ठेवणं. लॅटिन 'रेगेरे' म्हणजे दिशा देणं, 'रेक्टुस' म्हणजे सरळ, आणि आपण रोज वापरतो ते करेक्ट, डायरेक्ट तिथूनच आलेत. आपल्याकडचा 'ऋजु' याच कुटुंबातला. एमिल बेनवेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की रेक्स हा आधी हुकूम सोडणारा नव्हताच, तो रेषा आखणारा होता, सीमा ठरवणारा. मला हे पटतं, कारण रोमच्या जन्माची दंतकथाच रेषेची आहे: रोम्युलस बैल आणि गाय जुंपून नव्या गावाभोवती नांगराने तास काढतो, वेस जिथे हवी तिथे नांगर उचलून धरतो, बाकी सगळी रेषा पवित्र, आणि जुळा भाऊ रेमस नव्या भिंतीवरून उडी मारतो म्हणून जिवाला मुकतो. त्या दिवसाची तारीख रोमन लोक 21 एप्रिल धरत, वर्ष इ.स.पू. 753.

आता आपण 'राजा' ऐकलं की युवराज, राजघराणं, गादीचा वारस हे आपोआप डोक्यात येतं. रोमच्या सात राजांच्या कथेत ते जवळजवळ नाहीच. रोम्युलस गेल्यावर वर्षभर सिनेटर पाच-पाच दिवस आळीपाळीने कारभार बघतात, त्या मधल्या माणसाला 'इंटररेक्स' म्हणत, आणि मग क्युरेस गावच्या, सबाइन या शेजारच्या जमातीतल्या माणसाला, नुमा पोम्पिलियसला, बोलावून राजा करतात. पुढे पहिला टार्क्विनियस तर एट्रुस्कन (रोमच्या उत्तरेकडचे शेजारी) गावाहून आलेला, बाप कोरिंथचा ग्रीक, आणि सर्व्हियस टुलियस हा दासीपुत्र म्हणून सांगितला जातो. बापाच्या गादीवर हक्क सांगून, तोही सासऱ्याचा, म्हणजे सर्व्हियसचा, खून करून, बसतो तो शेवटचा, टार्क्विनियस सुपर्बस म्हणजे गर्विष्ठ टार्क्विनियस, आणि त्यालाच इ.स.पू. 509 मध्ये हाकललं. सात राजे आणि 244 वर्षं म्हणजे सरासरी एकेकाला जवळपास पस्तीस वर्षं, एवढं कुणी विश्वासाने मानत नाही, यादी नंतर नीटनेटकी केलेली आहे हे उघड आहे. पण पद खरं होतं. 1899 मध्ये जाकोमो बोनी यांनी रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, काळ्या फरशीखाली एक तुटका दगड शोधला, इ.स.पू. सहाव्या शतकातला, त्यावरच्या ओळी शेतात बैल वळावेत तशा एक खाली एक वर जातात, आणि त्यात अक्षरं आहेत 'रेकेइ', म्हणजे 'राजाला' (तेव्हा 'ग'ला वेगळं अक्षर नव्हतं, 'क'च्याच चिन्हावर भागवत).

आता तिटकाऱ्याचं. 509 मध्ये राजाला हाकललं, राजेशाही संपली, तरी त्यांनी शब्द टाकला नाही, हे लक्षात घ्या. राजा जे यज्ञ करायचा ते कुणीतरी करायला हवेत, म्हणून 'रेक्स साक्रोरुम' असा पुजारी नेमला, धर्मकार्याचा राजा, पण त्याला कुठलंही राजकीय पद घ्यायची मनाई. इ.स.पू. 180 मध्ये डोलाबेला नावाच्या माणसाला हे पद द्यायचं ठरलं, तो आरमारावरचा अधिकारी होता, त्याला सांगितलं आधी ते सोड, तर त्याने साफ नकार दिला, दंड झाला, भांडण लोकांपुढे गेलं, आणि शेवटी दुसऱ्यालाच राजा केलं! राजाचं घर 'रेगिया' पण राहिलं, तिथे मार्स या युद्धदेवाचे भाले ठेवलेले असत, म्हणजे राजवाड्याचं देवस्थान झालं. मराठीत 'राऊळ'चं हेच झालंय, राजकुल म्हणजे राजवाडा आणि आज राऊळ म्हणजे देऊळ. देवांना तर ही उपाधी बिनधास्त लावत, जुनो देवीला 'जुनो रेगिना', म्हणजे जुनो राणी, म्हणतच. बाहेरच्या देशांच्या राजांनाही सिनेट सन्मानाने रेक्स म्हणे.

म्हणजे देव चालेल, पुजारी चालेल, परका चालेल, मेलेला पूर्वज चालेल. चालत नव्हता तो फक्त रोममधला जिवंत, सत्ता असलेला माणूस. 'राजा व्हायला बघतोय' हा आरोप जीवघेणा होता. इ.स.पू. 439 मध्ये दुष्काळात स्पुरियस माइलियस या श्रीमंत व्यापाऱ्याने लोकांना धान्य वाटलं, त्याच्यावर हाच संशय आला आणि त्याला मारून टाकलं.

ज्युलियस सीझरची गोष्ट यासाठीच समजून घ्यावी लागते. इ.स.पू. 44 च्या जानेवारीत लोकांनी त्याला 'रेक्स' म्हणून हाक मारली, तर तो म्हणाला, मी रेक्स नाही, सीझर आहे. यात कोटी आहे, कारण रेक्स हे रोममध्ये आडनावही होतं, आणि सीझरची आजी त्याच मार्सियस रेक्स घराण्यातली, जे चौथा राजा अंकुस मार्सियसचे वंशज म्हणवत. आत्याच्या अंत्यविधीत त्याने स्वतः हे भाषणात सांगितलं होतं, म्हणजे राजाचं रक्त मिरवायला काही हरकत नव्हती, स्वतः राजा म्हणवून घ्यायला होती. दोन महिन्यांत त्याचा खून झाला. पुढच्या सम्राटांनी 'रेक्स' टाळलं आणि त्याचं नावच पदवी म्हणून लावलं, त्यातून जर्मन कैसर, रशियन झार, आणि ग्रीक-फारसीच्या वाटेने 1877 च्या दिल्ली दरबारातली व्हिक्टोरियाची 'कैसर-ए-हिंद'.