फ्लू गेला, मग एचआयव्ही का जात नाही?

"मॅडम, फ्लू आठवड्यात गेला. हा का जात नाही? आणि आता तर रिपोर्टमध्येही दिसत नाही. गोळ्या बंद केल्या तर?"

विचारणारे गृहस्थ एचआयव्हीबाधित. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू होऊन वर्ष होत आलेलं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली आलेला, आणि मध्येच इन्फ्लुएंझाने आठवडाभर झोपवलेलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यात खुळेपणा काही नाही. दोन्ही विषाणू आरएनएचे, मग एक जातो आणि दुसरा मुक्काम का ठोकतो?

फ्लूचा विषाणू नाक, घसा, श्वासनलिका यांच्या अस्तरातल्या पेशींना चिकटतो. पेशी त्याला आत ओढून घेते, त्याच्या आरएनएचे आठ तुकडे केंद्रकात जातात, तिथे प्रती निघतात आणि नवे विषाणू बाहेर पडतात. बाहेर पडताना पेशीपासून सुटायला त्यांना न्युरामिनिडेज हे विकर (एन्झाइम) लागतं. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध तेच अडवतं, म्हणून ते पहिल्या 48 तासांत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. या सगळ्यात आपल्या डीएनएला मात्र धक्का लागत नाही. बाधित पेशी मेल्या, प्रतिकारशक्तीने उरलेले विषाणू गाठले, की विषय संपला.

एचआयव्ही रेट्रोव्हायरस आहे. तो सीडी-4 पेशींत शिरतो, म्हणजे प्रतिकारशक्तीची सूत्रं हलवणाऱ्या पेशींतच. आत गेल्यावर तो आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. असं उलट्या दिशेने घडू शकतं, हे 1970 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवलं, तोवर बहुतेकांना ते पटतच नव्हतं. मग इंटिग्रेज हे विकर तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत जोडून टाकतं. चोरी करून पळणारा वेगळा आणि घराच्या कागदपत्रांत स्वतःचं नाव घुसवणारा वेगळा, असं मी त्यांना म्हटलं.

अशा काही पेशी वर्षानुवर्षं गप्प राहतात. विषाणू बनवत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीला दिसत नाहीत आणि औषधालाही तिथे अडवायला काही सापडत नाही. व्हायरल लोडची चाचणी रक्तातले विषाणू मोजते, पेशीत दडलेला हा मजकूर नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत येतो. मध्येच घेतल्या, मध्येच सोडल्या, तर औषधाला न जुमानणारे प्रकार तयार होतात, ते आणखी वाईट.

हे त्यांना पटलं, पण चेहरा सैल झाला नाही. थोडं थांबल्यावर खरं कारण निघालं. ताप असताना घरात त्यांचा पेला वेगळा ठेवला गेला होता. गोळ्याच दिसल्या नाहीत तर हे थांबेल, असा त्यांचा हिशोब.

पत्नीला बोलावून घेतलं. त्यांची चाचणी निगेटिव्ह आलेली होती, भीती मात्र तशीच. पेला वेगळा ठेवला, पण रात्रभर खोकणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि चार दिवसांनी स्वतः तापाने पडल्या. त्या आठवड्यात धोका होता तो फ्लूचा, आणि त्याचा रस्ता मोकळाच सोडलेला! एचआयव्ही खोकल्याने, भांड्यांतून, मिठीतून पसरत नाही. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड असाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधांतूनही जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य मी त्यांच्यासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

मग चर्चा कामाच्या गोष्टींवर आली. गोळी विसरली तर? आठवताच घ्यायची, दुप्पट कधीच नाही. फ्लूची लस? दरवर्षी घ्यावी, दोघांनीही. एचआयव्ही असलेल्यांनी टोचण्याची, निष्क्रिय विषाणूची लस घ्यायची, नाकात फवारायची जिवंत विषाणूची नाही. लस नेमकी कधी घ्यायची, ते डॉक्टरांना विचारायला दोघं एकत्रच गेले.