म्हैस उडाली तरी रागावू नको

खानापूर, जून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

'पहिलीतली पोरं मुद्दाम ऐकत नाहीत' असं तू लिहिलंस. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझाही हाच समज होता. त्यापायी एका पोराला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते अजून सलतं.

उद्या 'चिमणी उडाली' खेळून बघ. सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी उडाली, कावळा उडाला, आणि त्याच सुरात म्हण, 'म्हैस उडाली!' एखाद्याचं बोट वर जाईल आणि तोच ओरडेल, 'बाई, म्हैस उडत नाही की!' त्या बोटाकडे नीट बघ. त्याला ठाऊक आहे, पण बोट आवरत नाही.

फिलिप झेलाझो या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1996 साली हेच चित्रांच्या पत्त्यांवर दाखवलं. तीन वर्षांची मुलं आधी रंगावरून पत्ते लावत होती. मग 'आता आकारावरून लावा' म्हटलं, तरी बहुतेकांचा हात रंगावरच जाई. नवा नियम विचारला तर मात्र बरोबर सांगत. पाचव्या वर्षाच्या सुमारास हे बहुतेकांना जमू लागतं. स्वतःला आवरायचं काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूचं, आणि तो भाग सगळ्यांत उशिरा पिकतो. मेंदूच्या पेशींमधल्या बिनवापराच्या जोडण्या गळतात, मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण चढतं, निरोप लवकर पोचू लागतात. पंचविशीच्या आसपासपर्यंत हे चालू असतं.

आपल्याकडच्या पावसाचंच घे. 'छत्री घे' म्हणून घरात बजावलेलं बारकं पोर अंगणात भिजतं आणि मग छत्रीसाठी मागे पळतं. आठव्या वर्षापर्यंत पुढचं आधी धरून ठेवणं बरंच जमू लागतं. म्हणून छत्रीची आठवण उंबऱ्यावर द्यावी. वर्गातही तसंच. 'पाटी ठेवा, रांग करा, बोलू नका' अशी माळ लावू नको. एक सांग, ते होऊ दे, मग दुसरं.

कन्नडच्या तासानंतर लगेच पाढे घेऊ नको. दोन मिनिटं गाणं म्हणून घे. तरीही कुणी 'तीन'च्या जागी कन्नडमधलं 'मूरु' म्हणालं तर इतरांना हसू देऊ नको. उत्तर बरोबरच आहे; तू नुसतं 'हं, तीन' म्हण आणि पुढे जा.

ज्याची तू तक्रार लिहिलीस, त्याला खेळात चिमणी-म्हैस म्हणायचं काम दे. काय झालं ते मला कळव.

तुझ्या बाई